विमान उतरलं, पण लावायचं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आईला घेऊन कोचीहून मुंबईला आलो. विमान १५ मिनिटं आधीच उतरलं आणि मग टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टी आणि टर्मिनलमधल्या रस्त्यावर, २५ मिनिटं उभं राहिलं. 'आपला बे अजून रिकामा झालेला नाही' अशी घोषणा झाली. शेवटी लांब कुठेतरी उतरवून बसमध्ये घातलं. आईचे गुडघे दुखतात, विमानाचा जिना तिला उतरवेना. खिडकीतून मला एक एरोब्रिज चक्क रिकामा दिसत होता. तो आम्हाला का दिला नाही? अमेरिकेत विमान कंपन्या गेट भाड्याने घेतात, त्यावरून कोर्टात जातात असं वाचलं. आपल्याकडे गेट कोणाचं असतं? मोठ्या कंपन्या दादागिरी करतात का?"

मी २२ वर्षं विमानतळाच्या ऑपरेशन्समध्ये काढली, देशातल्या दोन गर्दीच्या विमानतळांवर. त्यातली बरीच वर्षं बे अलोकेशनच्या टेबलावर गेली. कोणतं विमान कोणत्या बेवर, म्हणजे कोणत्या जागी, उभं करायचं हे ठरवण्याचं ते काम. त्यामुळे आधी तुमच्या त्या रिकाम्या एरोब्रिजबद्दल, म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानाच्या दाराला लागणाऱ्या पुलाबद्दल सांगतो.

आमच्या स्क्रीनवर प्रत्येक बेची एक आडवी ओळ असते आणि त्या ओळीवर प्रत्येक विमानाची एक पट्टी. विमान थांबून चाकांना चॉक म्हणजे अडकवायचे ठोकळे लागले की पट्टी सुरू, पुशबॅक झाला, म्हणजे विमान मागे ढकलून बेबाहेर काढलं, की संपली. दोन पट्ट्यांच्या मध्ये १५-२० मिनिटांची फट ठेवावी लागते, कारण निघणारं विमान कधीच ठरल्या मिनिटाला निघत नाही. तुम्ही खिडकीतून पाहिलीत ती बहुधा अशीच एक फट. अर्ध्या तासात तिथे दुसरं विमान येणार असेल आणि तुमच्या विमानाला माणसं उतरवून, साफसफाई करून, इंधन भरून, पुढचे प्रवासी चढवून निघायला किमान ४० मिनिटं लागणार असतील, तर तो ब्रिज तुम्हाला देता येत नाही. दिला तर मागचं विमान तुमच्यासारखंच टॅक्सीवेवर अडकतं आणि त्याच्या मागचंही.

दुसरंही कारण असू शकतं. काही बे असे आखलेले असतात की तिथे एक वाइडबॉडी, म्हणजे रुंद, मोठं विमान उभं राहील किंवा शेजारी शेजारी दोन छोटी विमानं. मधल्या रेषेवर मोठं विमान लागलं की बाजूचा एक ब्रिज मोकळा दिसतो, पण तिथे दुसऱ्या विमानाचे पंख मावत नाहीत. कधी ब्रिजच बिघडलेला असतो. मुंबईच्या टर्मिनल २ मध्ये एकच गेट देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन्ही उड्डाणांना वापरता येतं, पण त्यासाठी आतले दरवाजे आणि वाटा बदलाव्या लागतात. दुबईहून आलेला, इमिग्रेशन न झालेला प्रवासी आणि कोचीहून आलेला प्रवासी एका वाटेवर येता कामा नये. ही अदलाबदल ऐनवेळी करायची तर माणसं लागतात आणि वेळ लागतो.

आणि हो, वेळेआधी येणारं विमान आमच्यासाठी उशिरा येणाऱ्या विमानाइतकंच अवघड असतं. प्रवाशाला वाटतं आपण १५ मिनिटं वाचवली. पण त्याच्या बेवर अजून आधीचं विमान उभं असतं, सामान उतरवणारी टोळी दुसऱ्या विमानाच्या पोटात असते आणि बस तिसऱ्याच विमानाकडे गेलेली असते.

आता मालकीबद्दल. भारतातल्या मोठ्या विमानतळांवर गेट कोणत्याही विमान कंपनीच्या मालकीचं नसतं, नावावर भाड्यानेही नसतं. सगळे बे सामाईक. विमानतळ चालवणारी कंपनी किंवा प्राधिकरण ते रोजच्या रोज वाटतं आणि वापरेल तो त्याचे पैसे मोजतो. एखादी कंपनी एकाच टर्मिनलच्या एका बाजूला नेहमी दिसते ती सोयीसाठी. तिची माणसं, शिड्या, ट्रॅक्टर तिथे असतात. उद्या तिला दुसरीकडे लावलं तर ती तक्रार करील, पण तो बे आपल्या हक्काचा आहे असं म्हणू शकणार नाही.

अमेरिकेत गोष्ट वेगळी आहे. तिथले बहुतेक मोठे विमानतळ शहरांच्या मालकीचे. टर्मिनल बांधायला शहराने रोखे काढले आणि ते फेडण्याची हमी विमान कंपन्यांनी वीस-तीस वर्षांच्या भाडेकरारातून दिली. बदल्यात त्यांना गेट मिळाले. काही पूर्णपणे एकाच कंपनीचे, काहींवर एका कंपनीचा पहिला हक्क. कित्येक करारांत तर नवीन बांधकामाला नकार देण्याचा अधिकारही जुन्या भाडेकरू कंपन्यांकडे होता. १९७८ मध्ये तिथे विमान वाहतूक खुली झाली, कोणीही कुठेही उडावं असं ठरलं. पण नवा माणूस विमान घेऊन आला तेव्हा त्याला उभं राहायला जागा नव्हती. गेट आधीच वाटले गेले होते. २००० मध्ये संसदेला कायदा करून सांगावं लागलं की ज्या मोठ्या विमानतळावर एकदोन कंपन्यांकडेच निम्म्याहून जास्त प्रवासी आहेत, त्याने स्पर्धा कशी टिकवणार याचा आराखडा दिला पाहिजे.

याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात ठसठशीत उदाहरण डॅलसच्या लव्ह फील्ड विमानतळाचं. ते जरा सविस्तर सांगतो, कारण जागा मोजकी असली की काय होतं ते त्यात उघड दिसतं. डॅलस आणि फोर्ट वर्थ या शहरांनी मिळून नवा मोठा विमानतळ बांधला, तो १९७४ मध्ये सुरू झाला. साउथवेस्ट ही कंपनी मात्र शहरातल्या जुन्या लव्ह फील्डवरच राहिली. नव्या विमानतळाला धक्का बसू नये म्हणून १९७९ च्या कायद्याने लव्ह फील्डवरून फक्त टेक्सास आणि शेजारच्या राज्यांपर्यंतच उडायची मुभा ठेवली. २००६ मध्ये दोन्ही शहरं, नवा विमानतळ, अमेरिकन एअरलाइन्स आणि साउथवेस्ट यांच्यात तडजोड झाली. अंतराचं बंधन ऑक्टोबर २०१४ मध्ये उठेल, पण लव्ह फील्डवर गेट २० च्या वर जाणार नाहीत. आधी ३२ गेटची जागा होती. ती कमी केली. वीसपैकी १६ साउथवेस्टला, दोन अमेरिकनला, दोन काँटिनेंटलला. काँटिनेंटल पुढे युनायटेडमध्ये विलीन झाली.

आकाश मोकळं झालं आणि जमीन आखडली. मग एकेका गेटसाठी जी ओढाताण झाली ती पाहण्यासारखी होती. अमेरिकनला यूएस एअरवेजशी विलीनीकरण करायचं होतं, तेव्हा न्याय खात्याने अट घातली की लव्ह फील्डचे दोन गेट सोडा. ते व्हर्जिन अमेरिकाला मिळाले. युनायटेडने आपल्या दोन गेटचा वापर २०१५ मध्ये साउथवेस्टला १२ कोटी डॉलरला दिला. तिथून डेल्टा या आणखी एका कंपनीची अटलांटाला रोज पाच उड्डाणं होत होती. ती आता कुठून उडणार? साउथवेस्ट म्हणे गेट आमचे, डेल्टा म्हणे आमची उड्डाणं आधीपासूनची, आम्हाला सामावून घ्या. मध्ये डॅलस शहर. प्रकरण कोर्टात गेलं आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी मनाई हुकूम दिला की निकाल लागेपर्यंत डेल्टाला हुसकावू नका. पाच उड्डाणांसाठी हे सगळं.

शिकागोच्या ओहेअरवर दुसरा प्रकार आहे. तिथे शहराच्या २०१८ च्या करारानुसार कोणती कंपनी किती उड्डाणं करते त्याप्रमाणे गेटचं फेरवाटप होतं. उडाल तर गेट, नाहीतर दुसऱ्याला. ऐकायला रास्त वाटतं. पण २०२५ मध्ये या फेरवाटपात युनायटेडचे गेट वाढणार आणि आपले कमी होणार असं दिसताच अमेरिकन एअरलाइन्सने शहरावर दावा ठोकला; फेरवाटप कराराप्रमाणे व्हायचं त्याआधीच होतंय असं तिचं म्हणणं. मला या पद्धतीत दुसरीच भीती वाटते. उड्डाणं मोजून गेट द्यायचे ठरलं की कंपनी गेट राखण्यासाठी उडायला लागते. मोठ्या विमानाच्या जागी दोन छोटी विमानं सोडली की आकडा वाढतो, आणि भार धावपट्टीवर येतो.

म्हणून बे सामाईक ठेवण्याची आपली पद्धत मला मनापासून बरी वाटते. पण तिने स्पर्धा संपत नाही. तुमच्या दादागिरीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. मुंबईत खरी ओढाताण रात्रीच्या पार्किंगवरून असते. दिवसाच्या ब्रिजवरून होते ती तुलनेने किरकोळ.

मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे चालवता येत नाहीत. हिशेब एकाच धावपट्टीचा. चारी बाजूंनी शहर आणि वस्ती, विमानतळाच्या जमिनीवरही झोपड्या. पसरायला जागा नाही. तरीही ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवसात तिथे १,०३२ विमानांची ये-जा झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनेच हात आवरायला लावला. गर्दीच्या तासांत ताशी ४६ ऐवजी ४४, इतर वेळी ४४ ऐवजी ४२, आणि खासगी जेटना बंदीचे तास वाढवले. कारण विमानं ४०-४० मिनिटं आकाशात घिरट्या घालत होती.

धावपट्टीवरची वेळ म्हणजे स्लॉट. तो कागदावर मिळतो, वर्षातून दोनदा, उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकासाठी. मिळालेल्या स्लॉटपैकी ८० टक्के वापरले तर पुढच्या वर्षी त्याच हंगामात ते पुन्हा तुमचेच. आता विचार करा, पहाटे सहाचं मुंबई-दिल्ली विमान उडवायचं तर ते विमान रात्री मुंबईत झोपलेलं असलं पाहिजे. म्हणजे रात्रभर एक बे हवा. तो नसेल तर विमान अहमदाबादला किंवा नागपूरला ठेवा, सकाळी तिथून आणा, म्हणजे मुंबईतून त्याचं पहिलं उड्डाण साडेआठ-नऊच्या आत होत नाही. तोवर ऑफिसच्या कामाला जाणारा, तिकिटाला चांगले पैसे देणारा माणूस दुसऱ्या कंपनीने उचललेला असतो. शिवाय पहाटे निघणारं विमान दिवसात एक जास्तीची फेरी मारतं. रात्रीचा एक बे म्हणजे रोजची एक फेरी, असा हिशेब आमच्याकडे तोंडपाठ असतो.

आणि नेमकी रात्रच आपल्याकडे अवघड. युरोप, आखात, अमेरिका इथली विमानं मुंबईत मध्यरात्रीच्या आसपास आणि पहाटे येतात-जातात. म्हणजे देशातली विमानं झोपायला येतात त्याच वेळी परदेशी वाइडबॉडी ब्रिज मागत असतात. मग काय करायचं? देशांतर्गत विमान रात्री ११ ला ब्रिजवर आलं, प्रवासी उतरले, की ते ट्रॅक्टरने ओढून रिमोट बेवर, म्हणजे ब्रिज नसलेल्या बेवर न्यायचं. पहाटे गरज असेल तर परत आणायचं. टो करायचं म्हणजे ट्रॅक्टर, चालक, कॉकपिटमध्ये ब्रेकवर एक प्रशिक्षित माणूस, टॉवरची परवानगी. कंपनीला हा खर्च नको असतो. तिला वाटतं विमान आहे तिथेच राहावं.

एक रात्र अजून आठवते. विमानतळाचं आणि कंपन्यांचं नाव घेत नाही. आखातातून येणारं विमान दोन तास उशिरा होतं, त्यामुळे त्याचा ठरलेला ब्रिज हातचा गेला होता. रात्री दीडच्या सुमाराला त्या कंपनीच्या ड्यूटी मॅनेजरचा फोन आला.

"सर, ३८ व्हीलचेअर आहेत. मला रिमोट देऊ नका."

माझ्याकडे एकच ब्रिज निघण्यासारखा होता. त्यावर एका देशांतर्गत कंपनीचं विमान सव्वाअकरापासून रिकामं उभं होतं. ते साडेबाराला हलायला हवं होतं. कंपनी म्हणत होती इंजिनीअर नाही, ब्रेकवर बसायला कोणी नाही. मी तिच्या कंट्रोल रूमला तीन फोन केले. प्रत्येक वेळी "दहा मिनिटांत, सर." सकाळी ५.५० ला त्याच बेवरून त्याच विमानाचं उड्डाण होतं. दोन वेळा ओढण्याचा खर्च वाचवायचा होता, दुसरं काही नाही.

आखाताचं विमान उतरलं आणि टॅक्सीवेवर इंजिनं चालू ठेवून उभं राहिलं. २२ मिनिटं. शेवटी मी दुसऱ्या एका ग्राउंड हँडलिंग कंपनीच्या सुपरवायझरला हात जोडले. त्याने आपला माणूस दिला, टो झाला. मी स्वतः ब्रिजपर्यंत गेलो. ब्रिजच्या तोंडाशी ३८ खुर्च्या एका रांगेत लावलेल्या, प्रत्येकीच्या पाठीवर आसन क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली. पहिली आजी बाहेर आली ती पायात स्लीपर, हातात औषधांची पिशवी घट्ट धरून. तिला रिमोटवर उतरवायचं असतं तर अ‍ॅम्ब्युलिफ्ट लागली असती, म्हणजे विमानाच्या दारापर्यंत उचलली जाणारी केबिन असलेली गाडी. अशा गाड्या मोजक्याच असतात आणि एका खेपेत चार-सहा जणच बसतात. ३८ जणांचा हिशेब तुम्हीच करा. त्या रात्रीपासून मी टो करायच्या विमानांची यादी संध्याकाळी आठलाच सगळ्या कंपन्यांना पाठवायला लागलो, ब्रेकवर कोण बसणार त्या माणसाचं नाव मागून.

तर दादागिरी असते का? असते, पण आरडाओरड करून नाही. ज्याची विमानं जास्त, त्याच्याकडे ट्रॅक्टर जास्त, इंजिनीअर जास्त, रात्रपाळीची माणसं जास्त. त्याने एक बे अर्धा तास जास्त धरून ठेवला तर त्याला फरक पडत नाही; दोनच विमानं असलेल्या कंपनीचा मात्र अख्खा दिवस कोलमडतो. फोनही येतात. आज अमुक साहेब आहेत, ब्रिज द्या. मी नियमाने वाटत असे. मोठं विमान आणि आंतरराष्ट्रीय उड्डाण आधी. मग वेळेवर असलेलं, मग उशिराचं. व्हीलचेअर जास्त असतील तर त्याचा विचार. नियम आधी लिहून सगळ्यांना दिलेला असला की रात्री दीडला वाद घालावा लागत नाही.

बे अडवण्याचं सगळ्यात वाईट रूप म्हणजे बंद पडलेली कंपनी. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजने अमृतसरहून मुंबईला शेवटचं उड्डाण केलं. त्या वेळी तिचे मुंबईत २८० आणि दिल्लीत १६० स्लॉट रिकामे झाले. एवढी जागा मुंबईत एकदम मोकळी होणं हे आमच्या पिढीने कधी पाहिलं नव्हतं. सरकारने ते स्लॉट इतर कंपन्यांना आधी तीन महिन्यांसाठी तात्पुरते दिले. तात्पुरतं काय राहिलं ते तुम्ही जाणताच. जेट पुन्हा उभी करू पाहणाऱ्यांनी जुने स्लॉट मागितले, पण २०२१ मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणाने योजना मंजूर केली ती स्लॉटवरचा जुना हक्क मान्य न करता. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढली. याच जेटने २०१३ मध्ये लंडनच्या हीथ्रोवरच्या स्लॉटच्या तीन जोड्या एतिहादला ७ कोटी डॉलरला विकल्या होत्या. लंडनमध्ये वेळ विकता येते, मुंबईत ती परत सरकारजमा होते. माझ्या मते मुंबईचंच बरोबर आहे. ज्या जमिनीवर धावपट्टी आहे ती लोकांची आहे.

पण विमानं तिथेच उभी राहतात. त्यांच्यावर बँकांचा, विमानं भाड्याने देणाऱ्यांचा, कर खात्याचा हक्क असतो. कोणी हलवायचं यावर कोर्टात तारखा पडतात आणि बे अडलेला राहतो. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. विजय मल्ल्या यांचं खासगी ए३१९ विमान सेवाकर खात्याने जप्त केलं आणि ते मुंबईत वर्षानुवर्षं उभं होतं. विमानतळाला ते हलवावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. अनेक लिलाव फसले, २०१८ मध्ये ते एकदाचं विकलं गेलं. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. तिची विमानं नोंदणीतून काढायचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये दिला. तोवर जवळपास वर्षभर ती जिथल्या तिथे. ज्या शहरात एका रात्रीच्या बेसाठी कंपन्या झटतात तिथे धूळ खात पडलेलं विमान बघून जीव तुटतो.

आता बसचं. प्रत्येक बसफेरी ब्रिज नसल्यामुळे होत नाही, हेही खरं आहे. स्वस्त दराच्या कंपन्यांना बरेचदा रिमोट बेच आवडतो. ब्रिजवर एकाच दाराने माणसं चढतात-उतरतात. रिमोटवर पुढचं आणि मागचं अशी दोन्ही दारं उघडता येतात. इंडिगोने ऑगस्ट २०२२ मध्ये तीन दारांनी (पुढची दोन, मागचं एक) उतरवणं जाहीर केलं, तेव्हा १३-१४ मिनिटांचं काम ७-८ मिनिटांवर येईल असं सांगितलं. एका विमानाचे दिवसाला सहा-सात थांबे धरा, वाचलेल्या मिनिटांची बेरीज मोठी होते. अशा कंपन्या आमच्याकडे मागतात तो टर्मिनलजवळचा रिमोट, म्हणजे बसची फेरी दोन मिनिटांची. लांबचा रिमोट कोणालाच नको असतो आणि कोणाला तरी द्यावाच लागतो.

रिमोट बे देण्याचा निर्णय किती महागात पडू शकतो हे १४ जानेवारी २०२४ च्या रात्री दिसलं. उत्तरेत दाट धुकं. गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान कित्येक तासांच्या उशिरानंतर मुंबईला वळवावं लागलं. कंटाळलेले प्रवासी विमानातून उतरले आणि एप्रनवरच, विमानाच्या शेजारी बसून जेवले. तो व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिला. नंतर आलेल्या सरकारी नोटिशीत एक मुद्दा असा होता की त्या विमानाला टर्मिनलला लागून असलेला स्टँड न देता सी-३३ हा रिमोट बे दिला गेला. ब्रिजवर लागलं असतं तर लोकांना आत बसता आलं असतं, पाणी आणि स्वच्छतागृह मिळालं असतं. विमान कंपनीला १ कोटी २० लाखांचा आणि विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला मिळून ९० लाखांचा दंड झाला. मी त्या रात्री ड्यूटीवर नव्हतो, पण त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची अडचण मला कळते. धुक्याच्या रात्री वळवलेली विमानं एकामागून एक येतात, त्यांची पट्टी स्क्रीनवर नसतेच. तरीही मी सांगेन की दंडाचा मुद्दा बरोबर होता. वेळापत्रकाबाहेरचं, तासन्‌तास दमलेल्या माणसांनी भरलेलं विमान पहिल्यांदा ब्रिजवर घ्यावं आणि वेळेवर असलेल्याला रिमोट द्यावा. इथे माझाच 'वेळेवर असलेलं आधी' हा नियम मोडावा लागतो, आणि तो मोडायचा अधिकार रात्रपाळीच्या माणसाला लेखी दिलेला असला पाहिजे.

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला. पहिल्या टप्प्यात एक टर्मिनल, एक धावपट्टी, वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता. त्याने सांताक्रूझची गर्दी किती कमी होईल असं लोक विचारतात. मी एकाच गोष्टीवर नजर ठेवणार आहे: मुंबईतून उडणाऱ्या कंपन्या आपली विमानं रात्री कुठे झोपवतात. एखाद्या कंपनीने दहा विमानं उलव्याला, म्हणजे या नव्या विमानतळावर नेली तर सांताक्रूझचे दहा बे रात्री सुटतील आणि ते आंतरराष्ट्रीय उड्डाणांना मिळतील. तिने सांताक्रूझचे बे तसेच ठेवून नव्या जागी नवी विमानं आणली तर जुन्या जागेवर काहीच बदलणार नाही. सुटलेले रात्रीचे बे वाटताना नव्या आणि लहान कंपन्यांना त्यातला ठरावीक वाटा मिळावा असं मला ठामपणे वाटतं. तसं झालं नाही तर पहाटेचं दिल्लीचं तिकीट कायम दोनच काउंटरवर विकलं जाईल.

शेवटी तुमच्या आईबद्दल, कारण तुमचा प्रश्न तिथून सुरू झाला. व्हीलचेअर मागताना नुसतं "व्हीलचेअर हवी" म्हणू नका. कंपन्यांकडे त्याचे तीन प्रकार असतात. पहिल्यात प्रवाशाला लांब चालवत नाही, पण जिना चढता-उतरता येतो. दुसऱ्यात जिना जमत नाही. तिसऱ्यात आसनापर्यंत उचलूनच न्यावं लागतं. घाईत बहुतेक सगळ्यांची नोंद पहिल्या प्रकारात होते, आणि मग रिमोट बेवर खुर्ची जिन्याच्या खालच्या पायरीशी उभी असते. तुम्ही तिकीट काढतानाच, नाहीतर किमान ४८ तास आधी फोन करून स्पष्ट सांगा की आईला जिना उतरता येत नाही, आणि चेक-इनला ती नोंद तशीच आहे ना ते विचारून घ्या. निघालेल्या विमानतळावरून हा आकडा पुढच्या विमानतळाला संदेशाने कळवला जातो. दुसऱ्या प्रकारचे प्रवासी दिसले की आमच्याकडचा माणूस एकतर ब्रिज शोधतो किंवा अ‍ॅम्ब्युलिफ्ट आधीच त्या बेवर पाठवून ठेवतो.